सोमवारची रात्र कधी सरते

"वर पाह्य," असं म्हणत बाई उजव्या हाताचं बोट पेशंटच्या नाकासमोर धरायच्या आणि सावकाश वर न्यायच्या. मान हलवायची नाही, नुसत्या डोळ्यांनी बोटामागे जायचं. बघणाऱ्याला वाटायचं, बाई डोळे तपासतायत. त्यांचं लक्ष पापण्यांवर असायचं. पापण्या पुऱ्या उचलल्या गेल्या की बोट खाली यायचं, "हायेस," एवढंच त्या म्हणायच्या आणि पुढच्या खाटेकडे वळायच्या.

मण्यार चावली की सूज येत नाही, फारसं दुखतही नाही. विष आधी पापण्यांत दिसतं, मग गिळताना, मग श्वासात. हे मला बाईंनी सांगितलेलं नाही. त्यांनी मला कधीच काही नीट सांगितलं नाही. त्या दुसऱ्यांवर ओरडत असताना ऐकून ऐकून मी शिकलो.

त्या बोटाची त्यांना इतकी सवय होती की गाडीचा ड्रायव्हर जेवणानंतर पेंगताना दिसला तरी बोट त्याच्या नाकासमोर. एकदा बैठकीत व्यवस्थापकांचा डोळा लागला. बाईंनी सगळ्यांदेखत बोट धरलं. व्यवस्थापक दचकून वर पाहू लागले. "हायेत साहेब अजून," बाई म्हणाल्या आणि चहाचा कप उचलला.

तुम्हीही अशा बाई कुठे ना कुठे पाहिल्या असतील. लांबून बघायला बऱ्या वाटतात. मला रोज जवळून बघावं लागलं. मी त्यांना आवडत नव्हतो आणि त्याही मला आवडत नव्हत्या. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुठे मी त्यांची स्तुती करतोय असं वाटलं तर तुम्ही माझ्यावर फार विश्वास ठेवणार नाही.

गडचिरोली जिल्ह्यात, जंगलाच्या कडेला असलेला तो वीस खाटांचा दवाखाना. बाई तिथल्या सगळ्यात जुन्या सिस्टर. मूळच्या तेलंगणाच्या हद्दीवरच्या सिरोंच्याकडच्या, त्यामुळे खरा राग आला की तेलुगूत जायच्या, आणि तेवढंच आम्हाला कळायचं नाही म्हणून बरं वाटायचं. मी चंद्रपूरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला होतो. आम्ही ढिवर. बाबा गावच्या तळ्यात जाळं टाकतात. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून त्या दवाखान्यासाठी मी जावा नावाच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत एक प्रोग्राम लिहिला होता. साप चावलेला माणूस आला की त्याचं नाव, गाव, चावल्याची तारीख आणि वेळ भरायची. पुढे किती तास झाले ते प्रोग्राम मोजत राहणार. डॉक्टरांनी मला नियम सांगितला होता, की काही लक्षण नसलं तरी चावल्यापासून चोवीस तास माणसाला ठेवून घ्यायचं. मी त्यावर रंग चढवला. चोवीस तास होईपर्यंत चौकट लाल, झाले की हिरवी. तो हिरवा रंग निवडायला मी एक अख्खी दुपार घालवली होती.

बाईंना हे सगळं नको होतं. त्यांच्याकडे रजिस्टर होतं. लांब, कापडी पाठीचं, प्रत्येक दोन दिवसांच्या मधोमध लाल पेनाची रेघ. तेवीस वर्षांत, त्या म्हणायच्या, या रजिस्टरानं एकही माणूस चुकवला नाही. मी म्हणायचो, मोजलं कोणी. मनात म्हणायचो. तोंडावर बोलायची माझी हिंमत नव्हती.

प्रोग्राम लावला तो दिवस तीन जुलै. पडद्यावर तारीख आली ती आधी सात आणि मग तीन. बाई चष्मा कपाळावर सरकवून जवळ आल्या. "आज सात मार्च हाये म्हंते हे," त्या म्हणाल्या. "मंग बाहीर पानी कायचं पडून राह्यलं?" अख्खा वॉर्ड हसला. सलाईन लावलेली माणसंसुद्धा.

चूक माझी होती. ज्या मुलखातला माणूस, त्या मुलखाची तारीख-वेळ लिहायची रीत जावाला सांगावी लागते. तिला लोकेल म्हणतात. तुम्ही सांगितलं नाही तर ते यंत्राला विचारतं, आणि ते यंत्र कोणीतरी दान दिलेलं, अमेरिकेच्या रीतीवर लावलेलं. तिकडे महिना आधी लिहितात. मी ते दुरुस्त केलं. दोन दिवसांनी दुसरी भानगड निघाली. वेळेच्या साच्यात लहान एच लिहिला तर बारा तासांचं घड्याळ दिसतं, मोठा लिहिला तर चोवीस तासांचं. मी लहान लिहिला होता आणि सकाळ-दुपार दाखवायची खूण टाकायची राहिली होती. त्यामुळे बांधावर दुपारी दोनला चावलेला माणूस आणि घरात रात्री दोनला चावलेला माणूस पडद्यावर एकाच वेळेचे झाले.  बाईंनी दोघांनाही शेजारी शेजारी खाटा दिल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिल्या, हे जुळे भाऊ हायेत, कंप्युटरनं सांगतलं.

मग मी लोकेल मराठी केलं. आकडे देवनागरीत आले. मला इतका आनंद झाला की मी फोटो काढून आईला दाखवायला पाठवला, तिच्याजवळ फोन नव्हता म्हणून शेजारच्या भाऊंच्या फोनवर. पण वेळेच्या पुढे आता 'म.पू.' आणि 'म.उ.' अशी अक्षरं दिसू लागली. बाईंनी विचारलं, हे म.पू. कोण, नवीन डॉक्टर लागले का. मी सांगितलं, मध्यान्हपूर्व. त्यांनी भिंतीला टेकून बसलेल्या एका म्हातारीकडे बोट केलं आणि म्हणाल्या, तिले समजाव. मी खरंच समजावायला गेलो. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "बापू, मले उन्हाचं समजते."

शेवटी मी चोवीस तासांचं घड्याळ लावलं. तारीख आपल्या रीतीची, आकडे आपले. कॉलेजातल्या सरांनी पाठ थोपटली. मला वाटलं, झालं. पण बाई पडद्याकडे पाठ करूनच बसायच्या. पेशंट आला की आधी रजिस्टर उघडायच्या. मला 'ए कॉलेज' म्हणून हाक मारायच्या. माझा डबा उघडला की, मच्छी आणली का रे, कॉलेजात गेल्यावर सोडली का, असं मुद्दाम मोठ्यानं विचारायच्या. आणला असायचा वरण-भात. चंद्रपूरच्या खोलीवर राहून मी तेच खायला लागलो होतो, आणि ते त्यांना कसं कळलं हे मला कळत नव्हतं.

ऑगस्टच्या सुरुवातीला मी व्यवस्थापकांना एक पानभर अर्ज दिला. बाई सहकार्य करत नाहीत. नोंदी दोनदा होतात. रजिस्टर बंद करावं. पुरावा म्हणून मी लिहिलं की रजिस्टरमधल्या रात्रीच्या नोंदी दिवसाच्या रकान्यात न लिहिता दोन दिवसांच्या मधल्या लाल रेघेवर लिहिल्या जातात, त्यामुळे त्या कोणत्या तारखेच्या हे कळायला मार्ग नाही. हे वाक्य मी तीनदा सुधारलं होतं. मला ते फार चांगलं जमलं असं वाटलं होतं. व्यवस्थापकांनी अर्ज दवाखाना चालवणाऱ्या संस्थेच्या मुख्य कार्यालयात पाठवला.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी, धानाच्या रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत, एका मंगळवारी सकाळी नऊच्या सुमारास एक नवरा-बायको आले. बायको तिशीची असेल. पायांना चिखल, डोळ्यांत झोप नाही, बाकी ठणठणीत. तिला झोपेत दंडाला काहीतरी टोचलं, उठून बॅटरी लावली तर भिंतीच्या बुडाशी काळा साप जाताना दिसला. दंडावर खूण म्हणावी तर मुंगी चावल्याएवढी. डॉक्टर त्या दिवशी दूरच्या गावी शिबिराला गेले होते. नोंदणीच्या टेबलावर मी बसलो होतो. नवऱ्यानं मला 'सर' म्हटलं. मला सर म्हणणारा तो पहिला माणूस.

मी विचारलं, कधी चावला. तो म्हणाला, "सोमवारच्या राती, सर. दोन वाजले असन."

मी सोमवारची तारीख निवडली. वेळ टाकली, दोन वाजून शून्य मिनिटं. प्रोग्रामनं हिशेब केला. एकतीस तास. चौकट हिरवी झाली. खाली मीच लिहिलेलं वाक्य आलं, की निरीक्षण पूर्ण, लक्षणं नसल्यास घरी सोडावं.

नवऱ्याचा चेहरा उजळला. रोवणा अर्धा राहिला होता, बाया ठरवून ठेवल्या होत्या. बायको तर उठून उभीच राहिली. मागून व्यवस्थापक आले, त्यांनी हिरवी चौकट बघितली आणि खाट रिकामी राहील म्हणाले, कारण व्हरांड्यात तापाची चार माणसं खाली झोपली होती. मी सुट्टीची चिठ्ठी छापली. तिच्यावर सिस्टरची सही लागायची. मी चिठ्ठी घेऊन बाईंकडे गेलो. खरं सांगायचं तर जरा ऐटीतच गेलो.

बाईंनी चिठ्ठी वाचली. मला काही विचारलं नाही. नवऱ्याला जवळ बोलावलं.

"भाऊ, सोमवारी बजार केला का तू?"

"केला ना, बाई."

"काय आनलं?"

"मच्छी आनली. झिंगे आनले."

"ते खाऊन झोपली का हे?"

"होय. तेच खाऊन झोपली, अन् मंग राती चावला."

 बोटांच्या पेरांवर अंगठा टेकवत बाईंनी मोजलं. सोमवारचा बाजार, बाजाराची मच्छी, जेवण, झोप, मग साप. सात तास. एकतीस नव्हे, सात. मलाही ते त्यांच्याबरोबरच कळलं. दोन वाजले तेव्हा कॅलेंडरवर मंगळवार लागला होता. पण त्या माणसासाठी तो सोमवारच होता, कारण अजून उजाडलं नव्हतं.

बाई माझ्याकडे वळल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. तेलुगूत बोलल्या असत्या तर आणखी बरं.

"तू कोन्या गावचा रे?"

मी गावाचं नाव सांगितलं. तिथून सतरा किलोमीटर.

"तुया गावात सोमवारची रात कवा सरते?"

माझे बाबा पहाटे जाळं काढायला जातात. तीन वाजता निघाले तरी आई म्हणते, काल राती गेले. कोंबडा आरवला की मग आज. मी हे जन्मापासून ऐकत आलोय. मी म्हणालो, "कोंबडा आरवल्यावर."

"मंग तुले तं ठाऊक होतं," बाई म्हणाल्या. त्यांनी चिठ्ठीची चार घड्यांची घडी केली आणि खिशात टाकली.

नवरा आता चिडला होता. कंप्युटरनं सोडलं तर तुम्ही काऊन अडवून राह्यल्या, असं त्यानं विचारलं. व्यवस्थापकांनीही बाईंना आठवण करून दिली की खाटा कमी आहेत. बाईंनी त्या दोघांकडे पाहिलंही नाही. पेशंटला खाटेवर बसवलं, स्टूल ओढून समोर बसल्या आणि बोट धरलं. "वर पाह्य." पापण्या उचलल्या. "हायेस." अर्ध्या तासानं पुन्हा. मग पुन्हा. पेशंट वैतागली, हसली, एकदा म्हणालीसुद्धा की बाई, माझं नाव रोवण्याच्या बायांत आहे, डोळ्यांच्या पेशंटांत नाही. बाई हसल्या नाहीत. मी लांब उभा होतो. मला मनात वाटत होतं की काही होऊ नये, आणि काहीच झालं नाही तर बाईंची फजिती होईल, असंही वाटत होतं. ही दोन्ही वाक्यं मी एकाच ओळीत लिहिली, कारण ती एकाच वेळी वाटत होती.

साडेबाराला बाईंनी बोट वर नेलं. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या, भुवया उचलल्या, पण पापण्या तिथेच राहिल्या. तिला वाटत होतं की ती वर पाहतेय. "पाह्यलं ना, बाई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज नाकातून आला.

त्यानंतर बाई भरभर चालल्या, पळाल्या नाहीत. सापाचं इंजेक्शन सलाईनमध्ये गेलं. डॉक्टरांना फोन गेला, ते गाडीत बसले, गाडीला तास लागणार होता. एकच्या पुढे तिचा श्वास उथळ झाला. बाईंनी तोंडावर मास्क दाबून हवा द्यायचा रबरी फुगा पिळायला सुरुवात केली. पंधरा-वीस मिनिटांनी त्यांचा हात भरून आला. दुसरी सिस्टर इंजेक्शनात गुंतलेली. बाईंनी मान न वळवता हाक मारली, "ए कॉलेज, हात दे इथी."

मी म्हणालो, मला येत नाही. किती सेकंदांनी दाबायचा, मी विचारलं. मला आकडा हवा होता.

"घड्याळ नको पाहू," बाई म्हणाल्या. "तू श्वास घेशीन, तवा तिले दे."

मी फुगा हातात घेतला. मी श्वास घ्यायचो आणि दाबायचो. तिची छाती वर यायची. किती वेळ हे चाललं ते मला माहीत नाही. प्रोग्राममध्ये नोंद आहे, पण ती मी नंतर अंदाजानं भरली. मला एवढंच आठवतं की मध्येच मला रडू आलं, त्यामुळे माझा श्वास तुटला, तर बाईंनी माझ्या पाठीत जोरात बुक्की मारली. "नीट घे," त्या म्हणाल्या. "दोघांचा हाये तो."

डॉक्टर आले. संध्याकाळी उजेडातच तिला चंद्रपूरला हलवलं. दहा-बारा दिवसांनी ती परत आली, बाईंना भेटली, झिंगे देऊन गेली. मी टेबलावर होतो. तिनं मला ओळखलं नाही, तिच्या नवऱ्यानं ओळखलं. या वेळी तो मला सर म्हणाला नाही.

मी रजिस्टर उघडून पाहिलं. सोमवार आणि मंगळवार यांच्या मधल्या लाल रेघेवर, अक्षरांचा अर्धा भाग रेघेच्या वर आणि अर्धा खाली, तिचं नाव होतं. त्याच्या आधीच्या पानांवरही तसंच. रात्री चावलेला प्रत्येक माणूस रेघेवर. मी ज्याला गबाळेपणा म्हटलं होतं, तो तेवीस वर्षांचा नेम होता.

मी व्यवस्थापकांकडे गेलो. अर्ज मागे घ्यायचा आहे म्हणालो. ते म्हणाले, तो तर वर गेला. शिवाय तुझ्या प्रोग्रामची काय चूक, नातेवाइकानं दिवस चुकीचा सांगितला, नाही का. मी 'हो' म्हणालो. हा एक शब्द लिहायला मला या सगळ्या लेखात सर्वांत जास्त वेळ लागला.

दिवाळीनंतर आदेश आला. रजिस्टर बंद. बाईंचं वय झालं होतं, दरवर्षी मुदत वाढत होती, ती या वर्षी वाढवली नाही. सोबत माझ्या अर्जाची प्रत जोडलेली होती. बाईंनी ती वॉर्डात उभं राहून वाचली. मी औषधांच्या कपाटामागे होतो, हे त्यांना माहीत होतं.

"तारीख-वेळ शिकवते मले," त्या कपाटाला म्हणाल्या, "अन् सोताच्या अर्जावर तारीख नाई."

खरंच नव्हती.

त्या हिवाळ्यात मी फॉर्म पुन्हा लिहिला. रात्रीसाठी तारखेची चौकट काढून टाकली. आता तिथे दोन दिवसांच्या मध्ये एक लाल रेघ आहे. रेघेवर बोट ठेवलं की प्रोग्राम विचारतो, आदल्या दिवशी बाजार झाला होता का, जेवून झोपला होता का, कोंबडा आरवला होता का. मग तो स्वतः तारीख काढतो आणि आतल्या आत, कोणाला न दाखवता, चोवीस तासांच्या घड्याळात ठेवतो. हिरवी चौकट काढून टाकली. परीक्षेच्या वेळी बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, ही रीत कोणत्या लोकेलमध्ये बसते. मी म्हणालो, कोणत्याच नाही. त्यांनी मान हलवली आणि काहीतरी लिहिलं. मार्क बेताचे पडले. दवाखान्यात फॉर्म चालू आहे. नवीन सिस्टर माझ्या वयाची आहे, तिला ही रेघ कुठून आली ते माहीत नाही. ती मला म्हणते, छान सुचलं हो तुम्हाला. मी काय उत्तर देतो ते इथे लिहीत नाही.

बाई दवाखाना सोडून गेल्या त्या दिवशी मी फाट्यावर गेलो होतो. त्या पत्र्याच्या पेटीवर बसून सिरोंच्याच्या बसची वाट पाहत होत्या. मी येताना काय बोलायचं ते ठरवलं होतं. जवळ गेल्यावर एकच शब्द निघाला, "बाई." त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. बस वळणावर दिसली तशा उठल्या. कंडक्टरनं पेटी आत ओढली. पायरीवर एक पाय ठेवून त्या मागे वळल्या आणि बोट माझ्या नाकासमोर धरलं.

"वर पाह्य."

मी बोटामागे वर पाहत गेलो. बोटाच्या पलीकडे सागाची पानगळ झालेली झाडं होती आणि पांढरं आभाळ. मी डोळे जेवढे वर नेता येतील तेवढे नेले आणि वाट पाहत राहिलो. बोट खाली आलं. बसचं दार लागलं.

हायेस, असं त्या म्हणाल्या नाहीत.